बारा तारांची गिटार : तारा चढविणें व सूर लावणें

गिटार हें वाद्य आतां आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस नवें राहिलेलें नाहीं. पेटी, तबला व झांज ह्यांच्या शेजारीं एखादा तरुण सहा तारांची गिटार मांडीवर घेऊन बसलेला पुष्कळ ठिकाणीं दिसतो, आणि थोड्या दिवसांच्या खटपटीनें त्याला ती सुरांत ठेवतांही येते. परंतु बारा तारांची गिटार जेथें जाऊन पोहोंचते तेथें तिची गत बहुधा निराळी होते. पहिले एक-दोन महिने तिच्या झंकारानें सर्वांस हर्ष होतो. मग एक तार तुटते, कांहीं दिवसांनीं दुसरी तुटते, आणि जी तार हातीं लागली ती कोणीतरी कोठेंतरी चढवितो. शेवटीं ती भिंतीवरच्या खुंटीला लागते. अशी एक गिटार आम्हीं एका खेड्यांत पाहिली. तेथल्या तरुणांनीं दोन हंगाम ऊसतोडीच्या मजुरींतून थोडेथोडे पैसे बाजूस ठेवून ती विकत घेतली होती. आम्हीं पाहिली तेव्हां बारांपैकीं सातच तारा उरल्या होत्या, त्याही गंजलेल्या; आणि घोडीची मागची कड तबलीपासून केसभर उचलली गेली होती. वाद्य मुळांत वाईट नव्हतें, घेणाऱ्यांची हौसही कमी नव्हती. तारा कशा चढवाव्या व सूर कसा लावावा हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें, एवढेंच काय तें उणें. त्यांच्यासारख्यांकरितां हा पाठ लिहिला आहे.

प्रथम हें वाद्य म्हणजे काय तें नीट समजून घेऊं. बारा तारा म्हणजे बारा निरनिराळे सूर नव्हेत. तारांच्या सहा जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडींतल्या दोन तारा इतक्या जवळ असतात कीं बोट एकदांच दोहोंवर पडतें. म्हणून ज्याला सहा तारांची गिटार येते त्याला डाव्या हाताचें नवें असें कांहीं शिकावें लागत नाहीं. बोटांना जोर मात्र अधिक लागतो, आणि पहिल्या आठवड्यांत बोटांचीं टोंकें दुखतात. आमच्या तंबोऱ्याकडे पाहिलें असतां जोडीची गोष्ट लवकर ध्यानांत येईल. चार तारांच्या तंबोऱ्यांत मधल्या दोन तारा एकाच षड्जांत मिळवितात, त्यांस आपण जोड म्हणतों. आणि शेवटची खर्जाची तार त्याच षड्जाच्या एक सप्तक खालीं बोलते. बारा तारांच्या गिटारींत ह्या दोन्ही युक्त्या एकत्र आहेत. बारीक बाजूच्या दोन जोड्यांतील तारा तंबोऱ्याच्या जोडीप्रमाणें अगदीं एका सुरांत असतात. बाकीच्या चार जाड जोड्यांत एक तार मूळ सुराची असते व तिची सोबतीण तिच्या एक सप्तक वरची असते. ह्या वरच्या तारेस आपण ह्या पाठांत टिपेची तार म्हणूं व दुसरीस मूळ तार म्हणूं.

ह्या वाद्याचा गोडवा कोठून येतो असें कोणी विचारील. जात्यावर बसून दोघी एकच ओवी म्हणूं लागल्या म्हणजे ती एका गळ्याच्या ओवीहून भरदार वाटते, कारण दोन गळे कितीही मिळाले तरी तंतोतंत एक होत नाहींत. येथेंही तसेंच आहे. दोन तारांमध्यें जो अगदीं सूक्ष्म फरक उरतो त्यानेंच आवाज चमकतो. हा फरक जरा वाढला कीं तोच गोडवा कर्कश होतो. म्हणून सहा तारांच्या गिटारींत जी चूक खपून जाते ती येथें खपत नाहीं.

आतां सूर. गिटार वाजविणारे जोड्यांची गणती बारीक बाजूकडून करितात, म्हणजे सर्वांत जाड ती सहावी. सहावीपासून पहिलीपर्यंत येतांना सूर ई, ए, डी, जी, बी, ई असे आहेत. इंग्रजी अक्षरांनीं ज्यांचा गोंधळ होतो त्यांनीं पेटीच्या पट्ट्या ध्यानांत धराव्या : पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पांच, पांढरी सात आणि पुन्हां पांढरी तीन. काळ्या पट्टीचें कामच नाहीं. स्वरांच्या नात्यानें सांगावयाचें तर कोणत्याही जोडीस षड्ज मानलें असतां तिच्या पुढची बारीक जोडी शुद्ध मध्यम बोलते. अपवाद एकच, तिसऱ्या जोडीस षड्ज धरलें तर दुसरी ही तिचा शुद्ध गंधार होते. ज्याचा कान भजनांत तयार झाला आहे त्याला एवढ्या खुणेवर सर्व गिटार लावतां येईल.

कंपनांच्या हिशेबानें पाहिलें तर सहाव्या जोडीची मूळ तार सेकंदास सुमारें ८२ कंपनें करिते व तिची टिपेची तार १६५. पांचवीच्या तारा ११० व २२०. चौथीच्या १४७ व २९४. तिसरीच्या १९६ व ३९२. दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारा २४७ आणि पहिलीच्या दोन्ही ३३०. हे आंकडे पाठ करण्याची गरज नाहीं, पण त्यांत एक गोष्ट दडलेली आहे ती पाहावी. पहिल्या जोडीचे ३३० आणि तिसरीच्या टिपेचे ३९२! म्हणजे सर्वांत उंच सूर कडेच्या तारेचा नसून मधल्या एका तारेचा आहे. नवशिका कडेच्या तारांस जपतो आणि ही मधली तार त्याला फसविते. बारा तारांमध्यें ही सर्वांत बारीक, आणि तुटणाऱ्यांमध्यें हिचा नंबर पहिला.

जोडतारांची कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकांत युरोपांतल्या गिटारीस पांच जोड्या असत. परंतु पोलादी तारांच्या सहा जोड्यांची गिटार लोकांत पसरली ती विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत, अमेरिकेंत. न्यू जर्सी प्रांतांतील ऑस्कर श्मिट ह्या कारखान्याच्या 'स्टेला' नांवाच्या गिटारी स्वस्त असत, आणि दक्षिणेकडील गरीब कृष्णवर्णी गायकांच्या हातीं त्या पडल्या. त्यांपैकीं हडी लेडबेटर, ज्याला लोक लेड बेली म्हणत, ह्याचीं गाणीं जॉन लोमॅक्स व त्याचा मुलगा ॲलन ह्यांनीं १९३३ सालीं लुइझियानाच्या अंगोला तुरुंगांत मुद्रित करून घेतलीं. तो १९४९ सालीं वारला. जॉर्जिया प्रांताचा ब्लाइंड विली मॅकटेल हाही बारा तारांचीच गिटार वाजवी. १९४० सालीं लोमॅक्सनें त्याचें गायन मुद्रित केलें त्यांत भक्तिगीतेंही आहेत. ही हकीकत येथें सांगण्याचें कारण असें कीं, लेड बेली आपली गिटार नेहमींच्या सुरापेक्षां कित्येक अर्धसूर खालीं लावीत असे; आणि मॅकटेल तर अंध होता, त्याला कांटा किंवा दिवा दाखविणारें यंत्र कसलें? बारा तारा तो बोटांनीं व कानांनींच मिळवी.

लेड बेलीनें सूर खालीं ठेवला त्याचा विचार नवशिक्यानें अवश्य करावा. तार ताणली म्हणजे ती एका टोंकास दांडीला व दुसऱ्या टोंकास घोडीला ओढते. हलक्या तारांची सहा-तारी गिटार पूर्ण सुरांत असतां हा ओढा एकंदर सुमारें १६० पौंड, म्हणजे ७० किलोहून थोडा अधिक असतो. बारा तारांचा ओढा सुमारें २५० पौंड, म्हणजे ११० किलोच्या वर जातो. ज्वारीच्या एका क्विंटलाच्या पोत्याहून अधिक भार, आणि तो झेलावयाचा कोणी? तर तीन मिलिमीटरांच्या आसपास जाडीच्या तबलीनें व तिला सरसानें चिकटविलेल्या घोडीनें! आतां तारेचा ताण हा कंपनांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो व उतरतो. म्हणून सर्व तारा दोन अर्धसूर, म्हणजे एक पूर्ण सूर, खालीं घेतल्या तर ताण सुमारें पंचमांशानें उतरतो. वीस-बावीस किलोंचें ओझें वाद्याच्या पाठीवरून खालीं येतें. मग पट्ट्या होतात त्या अशा : पांढरी दोन, पांढरी पांच, पांढरी एक, पांढरी चार, पांढरी सहा, पांढरी दोन. येथेंही काळी पट्टी नाहीं, ही मोठी सोय. गाण्यास मूळचाच सूर पाहिजे असेल तर कॅपो नांवाचा चिमटा दुसऱ्या पडद्यावर बसवावा म्हणजे झालें. नवशिक्यानें नेहमीं ह्याच रीतीनें लावावें असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि कित्येक कारागीरही हाच सल्ला देतात.

हें आम्ही पुस्तकावरून शिकलों असें नव्हे. तरुणपणीं आम्हीं एका स्नेह्याची बारा तारांची गिटार मागून आणली होती. ती पूर्ण सुरांत चढविली, मोठ्या ऐटीनें दोन रात्री वाजविली, आणि मे महिन्यांत पत्र्याच्या खोलींत तशीच ताणलेली ठेवून परगांवीं गेलों. तीन आठवड्यांनीं येऊन पाहतों तों घोडी तबलीपासून उखडून तारांच्या जाळ्यांत लोंबत होती, आणि तिच्याबरोबर तबलीचा एक पापुद्राही निघून आला होता. उष्णतेनें सरस मऊ झाला व ताणानें आपलें काम केलें. त्या स्नेह्यानें आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाहीं, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. दुरुस्तीचे पैसे फेडण्यास सहा महिने लागले. असो.

तारा विकत घेतांना बारा तारांच्या गिटारीचेंच पुडकें मागावें. सहा तारांचीं दोन पुडकीं घेऊन काम भागत नाहीं, कारण त्यांत टिपेच्या तारा नसतात. जाडी इंचाच्या हजारांश भागांत सांगण्याची चाल आहे. नवशिक्यानें हलक्या तारा, म्हणजे १० पासून ४७ पर्यंतच्या, घ्याव्या. अशा पुडक्यांत साधारणतः पहिल्या जोडीस १० व १०, दुसरीस १४ व १४, तिसरीस २३ व ८, चौथीस ३० व १२, पांचवीस ३९ व १८ आणि सहावीस ४७ व २७ अशा तारा असतात. एखाद्या कारखान्याच्या आंकड्यांत थोडा फरक पडतो. तिसरीची ती ८ ची तार म्हणजे मिलिमीटराचा पांचवा भाग. तिच्या दोन-तीन सुट्या तारा त्याच वेळीं घेऊन ठेवाव्या. तालुक्याच्या गांवीं एक तार मिळविण्यास दिवस मोडतो, आणि ती मोडते नेमकी सणाच्या आदल्या रात्रीं.

पुडक्यांतल्या तारा एकदम बाहेर काढूं नयेत. प्रत्येक तार आपल्या कागदांतच राहूं द्यावी व लागेल तेव्हांच उलगडावी. बारा तारांचा गुंता एकदां झाला म्हणजे कोणती १० ची व कोणती १२ ची हें डोळ्यांस कळत नाहीं. कांहीं कारखाने तारेच्या टोंकाच्या गोळीस निरनिराळे रंग देतात, तो रंग व पुडक्यावरची यादी ताडून पाहावी. जवळ एक तार तोडण्याची पक्कड, एक शिसपेन्सिल व सुती फडकें असावें.

जुन्या तारा सर्व एकदम कापून काढण्याची घाई करूं नये. दांडीच्या पोटांत पोलादी कांब असते व तासभर ताण नसला तर तिचें कांहीं बिघडत नाहीं, हें खरें; पण नवशिक्याला कोणती तार कोणत्या खांचेंतून कोणत्या किल्लीकडे जाते ह्याची खूण जुन्या तारांवरूनच पटते. म्हणून एका वेळीं एकच जोडी काढावी. प्रथम किल्ली फिरवून तार अगदीं सैल करावी, मगच कापावी. ताणलेली तार कधींही कापूं नये. ती उसळून डोळ्यांत जाऊं शकते. हें लहान मुलें भोंवतीं बसलेलीं असतांना विशेष संभाळावें.

घोडीवर तारा धरून ठेवणाऱ्या बारा लहान मेखा असतात, बहुधा पुढेंमागें अशा दोन ओळींत. मेख घट्ट बसली असेल तर पक्कड लावून ओढूं नये, तिचें डोकें तुटतें. तबलीच्या गोल तोंडांतून हात आंत घालून एखाद्या नाण्यानें खालून वर दाबावी, लगेच सुटते. नवी तार घालतांना तिचें गोळीचें टोंक किंचित् वांकवून भोंकांत सोडावें, मेखेची चीर तारेकडे, म्हणजे दांडीच्या बाजूस, करून मेख वरून बसवावी, आणि एका हाताच्या अंगठ्यानें मेख दाबून धरून दुसऱ्या हातानें तार वर ओढावी. गोळी आंतल्या फळीखालीं अडकली म्हणजे हातास कळतें. जर गोळी मेखेच्या टोंकालाच टेकून राहिली तर ताण वाढतांच मेख गोळीसारखी उडते. पुष्कळांची पहिली फजिती येथेंच होते.

दांडीच्या वरच्या टोंकास हाडाची किंवा प्लास्टिकची खांचांची पट्टी असते. तिच्यांतील खांचा तारांच्या जाडीप्रमाणें कापलेल्या असतात, म्हणून मूळ तार टिपेच्या खांचेंत घालूं नये. टिपेची तार वाजविणाऱ्याच्या हनुवटीकडच्या अंगास असते; हात वरून खालीं आला म्हणजे प्रथम तीच बोलते. (रिकेनबॅकर नांवाच्या विजेच्या गिटारींत हा क्रम उलटा आहे, पण ती आमच्या खेड्यांत येण्याचा संभव थोडा.) प्रत्येक खांचेंत शिसपेन्सिलीचें टोंक चार वेळां फिरवावें. त्या काळ्या भुकटीनें तार खांचेंत अडखळत नाहीं. किल्ली फिरवितांना 'टक्क' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो, तें ह्या अडखळण्याचेंच लक्षण आहे.

मग तार वरच्या खुंटीच्या भोंकांतून ओंवावी. ती अगदीं ताठ ओढून घेऊं नये. दोन-अडीच इंच ढील ठेवावी, म्हणजे जाड तारेचे दोन-तीन वेढे बसतात. बारीक तारेस थोडी अधिक ढील द्यावी व चार-पांच वेढे पडूं द्यावे, कारण गुळगुळीत पोलादी तार खुंटीवरून घसरते. वेढे डोक्याच्या आंतल्या बाजूनें यावे व एकाखालीं एक असे उतरत जावे. एकावर एक चढलेले वेढे दिवसभर सरकत राहतात आणि सूर त्यांच्यामागून सरकतो. ज्या जाड तारांवर पितळेचा किंवा काशाचा वेढा गुंडाळलेला असतो त्यांचें उरलेलें टोंक आधीं कापूं नये. सूर लागल्यावर, खुंटीपाशीं टोंक काटकोनांत वांकवून मग कापावें, नाहींतर वरचा वेढा उलगडतो व तार आंधळी बोलते. सर्व टोंकें कापून झालीं म्हणजे बोटांस बोंचतील अशीं उरलीं नाहींत ना, तें पाहावें.

तारा चढल्या. आतां सूर लावावयाचा, आणि येथें उतावळेपणा सर्वांत महाग पडतो. एक जोडी पूर्ण सुरास आणून मग दुसरीस हात घालावा, ही रीत चुकीची आहे. तबली व दांडी ताणानें किंचित् वांकतात. सहावी जोडी लावून पहिलीकडे यावें तों सहावी उतरलेली असते. म्हणून तीन फेऱ्या कराव्या. पहिल्या फेरींत सर्व बारा तारा ओळखूं येईल असा सैल सूर बोलतील एवढ्याच ताणाव्या. दुसरींत त्यांना ठरलेल्या सुरापर्यंत आणावें. तिसरींत बारीक फरक काढावा. नव्या तारा असतील तर चौथी व पांचवीही फेरी लागेल, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां सर्व उतरलेलें आढळेल. तें वाद्याचें वैगुण्य नव्हे, नवी तार ताणली जात असते. दुसऱ्या व तिसऱ्या फेरीच्या मध्यें प्रत्येक तार दांडीपासून बोटानें हलकेच उचलून ओढावी. टिपेच्या बारीक तारांस मात्र हें अगदीं बेतानें.

मूळ सूर कशावरून घ्यावा? जेथें पेटी आहे तेथें पेटीवरूनच घ्यावा. पेटी कांहीं सेकंदास ४४० कंपनांच्या जागतिक मापावर लावलेली असेलच असें नाहीं, पण गाणें तिच्याबरोबर व्हावयाचें आहे आणि ती तारेसारखी चढवितां-उतरवितां येत नाहीं. तेव्हां गिटारीनेंच तिच्याकडे जावें. पेटीचे स्वरांचे दोन-तीन संच असतील तर खुंट्या दाबून एकच बोलता ठेवावा, म्हणजे कोणतें सप्तक ऐकूं येतें ह्याविषयीं घोटाळा होत नाहीं. पेटी नसेल व ४४० चा नादकांटा असेल तर पहिली तार पांचव्या पडद्यावर दाबून त्याच्याशीं मिळवावी. एक सूर खालीं लावावयाचें असेल तर सातव्या पडद्यावर दाबून. मोबाइल फोनांतील किंवा डोक्यास चिमट्यानें लावावयाचीं सूरमापक यंत्रेंही उपयोगाचीं आहेत, पण त्यांतील बरींचशीं सुराचें नांव दाखवितात, सप्तक दाखवीत नाहींत. तिसरीची टिपेची तार सैल असतां यंत्रावर भलत्याच सप्तकाचा 'जी' उमटला तर फसूं नये, आणि तो सूर ओलांडून पुढें गेल्यावर पुन्हां 'जी' येईल म्हणून पिळीत बसूं नये. तार तुटतेच.

प्रत्येक तार एकेकटी ऐकावी. मूळ तार लावतांना तिच्या सोबतिणीवर बोट नुसतें टेकवून तिला गप्प ठेवावें. सहा मूळ तारा (पहिल्या व दुसऱ्या जोडींतली एकेक) आधीं लावून घ्याव्या, जणू आपल्या हातांत सहा तारांचीच गिटार आहे. सहावी पेटीशीं मिळाली म्हणजे ती पांचव्या पडद्यावर दाबावी, तोच पांचवीचा मोकळा सूर. पांचवी पांचव्या पडद्यावर म्हणजे चौथी. चौथी पांचव्यावर म्हणजे तिसरी. तिसरी मात्र चौथ्या पडद्यावर दाबावी तेव्हां दुसरी मिळते, कारण येथें मध्यम नसून गंधार आहे हें वर सांगितलेंच. पुन्हां दुसरी पांचव्या पडद्यावर म्हणजे पहिली.

मग सोबतिणी. पहिल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकदम छेडाव्या व कान देऊन ऐकावें. सूर थोडा वेगळा असेल तर आवाजांत लाटा उठतात : वंव, वंव, वंव. एक तार २४७ व दुसरी २४५ कंपनें करीत असेल तर सेकंदास बरोबर दोन लाटा येतील. किल्ली किंचित् फिरवावी. लाटा जलद झाल्या तर आपण उलट दिशेस जात आहों; मंद झाल्या तर बरोबर. एकेक लाट लांबत लांबत जाऊन शेवटीं आवाज एकसंध होतो. तंबोरा लावणारा मणी सरकवून जें करितो तेंच हें. गिटारीस मणी नसतात, तेथें दांत्यांची किल्ली तेवढें सूक्ष्म काम करिते. सूर नेहमीं खालून वर आणावा. वर गेला तर बराच खालीं उतरवून पुन्हां वर यावें, म्हणजे किल्लीच्या दांत्यांत ढील राहत नाहीं.

टिपेच्या चार तारांस युक्ति अशी : मूळ तारेवर बाराव्या पडद्याच्या बरोबर वर बोट नुसतें टेकवून, न दाबतां, छेडावें व बोट लगेच उचलावें. घंटेसारखा जो स्वच्छ सूर निघतो तो एक सप्तक वरचा; टिपेची मोकळी तार त्याच्याशीं लाटांवरून मिळवावी. तिसरीची टिपेची तार सर्वांच्या शेवटीं घ्यावी, किल्ली अगदीं सावकाश फिरवावी, आणि त्या वेळीं तोंड वाद्यावर वांकवूं नये. पहिल्या खेपेस ह्या सर्वांस तासभर लागेल. सवय झाल्यावर दहा मिनिटें पुरतात, पण तीं दहा मिनिटें गाण्याच्या आधीं, लोक जमण्यापूर्वीं, काढावीं. बारा तारा एकेक करून मिळवीत असतां श्रोत्यांस बसवून ठेवणें हें कोणासच आवडत नाहीं.

वाजवून झालें कीं तारा कोरड्या फडक्यानें खालून-वरून पुसाव्या. घामानें पोलाद गंजतें, आणि कोंकणांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत तर न वाजवितांही गंजतें. जोडींतली एक तार जुनी व एक नवी असली म्हणजे ती जोडी पडद्यांवर कधींच नीट मिळत नाहीं. तुटली एक तरी शक्य तर दोन्ही बदलाव्या. पुष्कळ दिवस वाजवावयाची नसेल तर सर्व तारा आणखी एक-दोन अर्धसूर उतरवून ठेवावी. उन्हांत, चुलीजवळ, पत्र्याला लागून ठेवूं नये. ह्याविषयीं आम्हीं वर पुरेसें सांगितलें आहे.

महिन्यांतून एकदां वहीच्या कागदाची एक पट्टी घेऊन घोडीच्या मागच्या कडेखालीं सरकते कां पाहावें. कागद कोठेंच शिरत नसेल तर चिंता नाहीं. कोपऱ्यांत जरी शिरला तरी त्याच क्षणीं सर्व तारा सैल कराव्या आणि वाद्य कारागिराकडे न्यावें. चिकटलेली घोडी वेळेवर पुन्हां बसवितां येते. उखडून पडल्यावर तबलीच दुरुस्त करावी लागते. बाजारांतला चटकन चिकटणारा डिंक घरीं लावूं नये, कारण तो नंतर काढतांना कारागिराच्या हातूनही लांकूड निघतें.

आरंभीं सांगितलेल्या त्या खेड्यांतील गिटारीची घोडी अशीच वेळेवर बसविली गेली. ती आतां पांढरी दोनच्या सुरावर लावलेली असते. गेल्या नाताळांत तिसरीची टिपेची तार गाण्याच्या मध्येंच तुटली, परंतु कॅपोच्या डब्यांत दुसरी होती, आणि पुढचें गीत संपण्यापूर्वीं ती चढविलीही गेली.